पिदादबाईला हवा होता एक गाणारा

रेवदंड्याहून कोर्लईला निघालेल्या तरीत मीठवाली ठमाबाई पाटी मांडीवर घेऊन बसली होती. समोर कोर्लईच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं गाणारी पिदादबाई तरवाल्या दादूपुढे तडतडत होती.

“नवा पाद्री काल आला, आन् आज आमची लातिन गाणी पुरायला निघाला! रविवारपासनं सगळं मराठीत!”

“बरं झालं की, मावशे. तुला लातिन कळतं व्हय?”

“एक अक्षर न्हाय! म्हणून तर गोड लागतं. मराठीत कळलं तर गाण्यात सांगितल्यावानी जावेला माफ करावं लागंल!”

“मग आता?”

“पाद्री म्हणाला, तुझ्याबिगर एका माणसाला जरी मारियामाउलीचं जुनं गाणं पाठ असंल, तर तेवढं ठेवतो. आमची पोरं मुंबईला. माणूस आणू कुठनं?”

“कंचं गाणं? बाजारातनं परतताना तरीत म्हणतेस ते?”

“तेच रं.”

दादूने घसा खाकरला आणि वल्ह्याच्या ठेक्यावर चारही कडवी खणखणीत म्हणून टाकली.

“मेल्या! तू तर एकवीरेचा भक्त!”

“वीस वर्षं ह्याच गाण्यावर वल्हवतोय. पाद्रीनं ख्रिस्तीच मागितलाय काय?”

“न्हाय! माणूस म्हणाला!”

“मग रविवारी येतो.”

“अंघोळ करून ये. आन् मासळीचा वास नको.”

“पण दुसऱ्या कडव्यात चुकलास, दादू,” ठमाबाई म्हणाली. “तिथं सूर खाली येतो.”

“दोन!” पिदादबाई अशी किंचाळली की होडी हलली. “दोन माणसं झाली!”