गुरुवारचं तिकीट

यशश्री : गुरुवारचं तिकीट काढलंय पूर्वाच्या पप्पांनी. आणि तुम्ही म्हणता, येऊ नका म्हणून मी सांगायचं?

अ‍ॅलॉयसियस : मी नाही म्हणत, वहिनी. अर्बाब म्हणतो, हॉटेलचा मालक. मी एचआरमध्ये बसतो. वरून येतं ते खाली देतो.

यशश्री : सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. ह्याच खुर्चीत बसून सांगितलंत तुम्ही. मालदीवला अर्बाबचं नवं रिसॉर्ट, तिथे केक करणारा शेफ नाही, रामकृष्ण जाऊन घडी बसवून देईल, की परत मस्कतला.

अ‍ॅलॉयसियस : तेव्हा तिकडे सीझन होता. फेब्रुवारीत आणीबाणी लागली आणि बुकिंग खलास. त्या देशाकडे दुसरं आहे काय? टूरिस्ट गेला की समुद्र काय चाटायचा?

यशश्री : मग काम नाही तर माणूस घरी येणार. सरळ आहे.

अ‍ॅलॉयसियस : इकडे तरी काम कुठाय? ओमानी पोरं घ्या, बाहेरची माणसं कमी करा, सरकारचं रोज तेच प्रेशर. आमच्या किचनमधला बाहेरचा एक शेफ कमी करायचाय.

यशश्री : आणि तो हेच का? चौदा वर्षं झाली त्यांना त्या भट्टीसमोर.

अ‍ॅलॉयसियस : म्हणूनच. चौदा वर्षांच्या माणसाला काढायचं तर भरपाई द्यावी लागते. तो स्वतःच परतला नाही, तर प्रश्नच नाही. ओमानच्या बाहेर सहा महिने राहिलं की इथला व्हिसा आपोआप जातो. कोणी काढलं नाही, कोणी सही केली नाही. पुढच्या शनिवारी सहा महिने भरतात.

यशश्री : म्हणजे पाठवलंत तेव्हाच ठरलं होतं.

अ‍ॅलॉयसियस : ठरलं नव्हतं. पण तसं झालं तर सोयीचं, हे माहीत होतं.

यशश्री : नाव कोणी दिलं?

अ‍ॅलॉयसियस : मी. दोनच नावं होती. दुसरं जोशुआचं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, वसईला घर बांधायला काढलंय त्यांनी. तुम्ही कुणाचं दिलं असतं?

यशश्री : पूर्वाला पहिल्यांदा ताप चढला तेव्हा तुमच्या गाडीतून नेलं होतं हॉस्पिटलला. मी इव्हॉनवहिनींना बहीण मानते. लाज नाही वाटली, अ‍ॅलॉयभाऊ?

अ‍ॅलॉयसियस : वाटली. लाज वाटून व्हिसा वाढत नाही कुणाचा.

यशश्री : मी आत्ताच फोन लावते. गुरुवार नको, आजच्या विमानाने या म्हणते.

अ‍ॅलॉयसियस : लावा. येईल तो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात टर्मिनेशन देईन. भरपाई अर्बाब वर्षभर लटकवेल, ते तुम्हालाही कळतं. त्याचा व्हिसा गेला की तुम्हा दोघींचा गेला, तुम्ही त्याच्याच व्हिसावर आहात. पूर्वा नववीत ना?

यशश्री : तिचं नाव नका काढू.

अ‍ॅलॉयसियस : दहावीसाठी नाव इथल्याच शाळेतून नोंदवलंय ना? अर्ध्यावर उचला आणि घेऊन जा कणकवलीला. मराठीत एक पान तरी लिहिता येतं का तिला?

यशश्री : तुम्ही हे सांगायला आला नाहीत. काय हवंय ते बोला.

अ‍ॅलॉयसियस : हां. आता कामाचं बोललात. रमजानच्या ऑर्डरी ह्या ओट्यावर कोण करतं, मला माहीत आहे. खजुराचा केक, बकलावा, सगळं. त्याच्या हाताला येतं ते तुमच्याही हाताला येतं. शेफच्या जागेवर एक ओमानी पोरगा बसेल. पण त्याच्या हाताखाली काम येणारं कुणीतरी लागेलच. असिस्टंट म्हणून. पगार अर्धा.

यशश्री : नवऱ्याची भट्टी मला देताय?

अ‍ॅलॉयसियस : व्हिसा देतोय. तुमच्या नावाचा. पूर्वाला तुमच्या व्हिसावर घालून देणं माझ्याकडे लागलं. फक्त त्याने पुढच्या शनिवारपर्यंत यायचं नाही.

यशश्री : आणि मग त्यांचं काय?

अ‍ॅलॉयसियस : एप्रिलअखेर रिसॉर्टला कुलूप. मग गावी.

यशश्री : हे त्यांना सांगितलंय?

अ‍ॅलॉयसियस : सांगितलं असतं तर तो थांबला असता? मेल पाठवला तर तो आजच निघेल. तुमचं ऐकेल. म्हणून तर शुक्रवारचं जेवण टाकून इथे आलो.

यशश्री : पूर्वाची बारावी होईपर्यंत माझ्या नोकरीला हात लावायचा नाही.

अ‍ॅलॉयसियस : जबान.

यशश्री : तुमची जबान ठेवा तुमच्याजवळ. कागद दाखवा.

अ‍ॅलॉयसियस : हा घे. सगळं भरलेलं आहे, खाली सही कर. नीट वाच, यशश्री.

यशश्री : आत्तापर्यंत वहिनी होते मी.

अ‍ॅलॉयसियस : स्टाफला वहिनी म्हटलं की बाकीचे नावं ठेवतात. फोन लाव. स्पीकरवर.

(ती सही करते. फोन लावते.)

रामकृष्ण : यशा! आत्ताच तुझी आठवण काढलंय बघ.

यशश्री : जेवलात?

रामकृष्ण : जेवलंय. हंय खाऊक काय कमी? पावणे नाय, तरी रोज सकाळी टेबल भरूचाच लागता. केक करतंय, पाव करतंय, आणि धा वाजले की सगळा समुद्रात. आमचो हुसेन, पावण्यांका फिरवणारो, त्याने होडी विकूक काढल्यान. पण घेतलो कोण? सगळेच विकतत. बायको त्याची रडता. मी त्येका म्हटलंय, बाबा, तुमचो सगळो देशच पावण्यांच्या जिवार. माझा तरी बरा, मस्कतला घर आसा. बेस्तरवारचा तिकीट काढलंय, पोचतंय मी.

यशश्री : ऐका मां. घाई करून येव नकात.

रामकृष्ण : कित्या गो?

यशश्री : अ‍ॅलॉयभाऊनी मुदत वाढवून घेतली हा. मे महिन्यापर्यंत. तिकडचा काम निस्तरून सावकाश येवा.

रामकृष्ण : वाढता तशी? हंय तर सगळे म्हणतत, सहा महिन्यांवर एक दिवस चालणा नाय.

यशश्री : ऑफिसातून झाला. कागद माझ्यासमोर आसा.

रामकृष्ण : तू बघलंस?

यशश्री : बघलंय. सही-शिक्को सगळा आसा.

रामकृष्ण : तुझो आवाज असो कित्या येता?

यशश्री : पूर्वाची परीक्षा. झोप होणा नाय.

रामकृष्ण : माका चेडवाक बघूचा होता गो. मगाशी फोनवर माका म्हणता, पप्पा, यू आर कमिंग ना, पक्का? मी म्हटलंय, पक्का... बरा, जावंदे. मे तर मे. तिकीट रद्द करतंय. तू सांगतंस म्हणान हां, दुसऱ्या कोणी सांगला असता तर आयकलंय नसतंय.

यशश्री : माहीत आसा माका.

रामकृष्ण : आणि त्या अ‍ॅलॉयभाऊक एकदा घराकडे जेवूक बोलव. आपल्यासाठी इतक्या कोण करता?

यशश्री : बोलवतंय. ठेवतंय आता.

अ‍ॅलॉयसियस : गुड. तो शनिवार उलटला की रविवारी सकाळी सहाला, मागच्या गेटने ये. मी निघतो, इव्हॉन वाट बघत असेल.

यशश्री : बसा, साहेब.

अ‍ॅलॉयसियस : नको, खरंच नको. पुन्हा कधीतरी.

यशश्री : पान वाढते. ऐकलंत ना, त्यांनी सांगितलंय. बसा.