पाच पट्ट्यांची पूजा

(नांदेड. खंडेनवमी, सोमवार दुपार. विद्यापीठाची रसायनशास्त्र प्रयोगशाळा. संशोधक सरोजिनी, प्रयोगशाळेतले शिपाई शिवप्पा. मध्ये टेबलावर उघडी डबी.)

सरोजिनी : पाचही पट्ट्यांना हळद-कुंकू लावलंत, मामा?

शिवप्पा : पाचही. एकीला सोडून कसं चालंल?

सरोजिनी : डबीवर लिहिलंय, हात लावू नका.

शिवप्पा : हात न्हाई लावला. करंगळीचं टोक नुसतं.

सरोजिनी : तराजूला लावा, भट्टीला लावा. डबी उघडलीत कशाला?

शिवप्पा : बंद डबीची पूजा असती का मॅडम?

सरोजिनी : पट्ट्यांवरच्या त्या सोन्यावर रेणूंचे दहा थर होते. रोज एक, असे दहा दिवस. आता हैदराबादला वरून दुसरा धातू चढवायचा, मग थर विरघळवायचे. दोन धातूंमध्ये तेवढीच फट उरते. केसाचे उभे चार हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी.

शिवप्पा : फटीसाठी एवढा खटाटोप? आमच्या गावात भूकंपानं अर्ध्या मिनटात पाडल्या.

सरोजिनी : चेष्टा नको.

शिवप्पा : कुंकू धुऊन टाकू का?

सरोजिनी : थर खराब झालेत, धुऊन काय होणार? शुक्रवारी तिथलं यंत्र मिळणार होतं. पुढची तारीख थेट मार्चची. आणि दिवाळीपर्यंत काही हाती आलं नाही तर लातूरच्या क्लासवर शिकवायला जाईन, असा बाबांना शब्द दिलाय. पाच वर्षं घातली मी यात. सकाळी हे बरं सुचलं तुम्हाला.

शिवप्पा : भूकंपाच्या साली खंडेनवमीला पूजायला विळासुद्धा निघाला न्हाई ढिगाऱ्यातनं. तवापासनं हाताखालचं एक बी हत्यार सोडत न्हाई मी. तुमचं बारीक हाय म्हणून सोडायचं का?

सरोजिनी : मला विचारायचं तरी.

शिवप्पा : नको म्हणला असता.

सरोजिनी : म्हणालेच असते.

शिवप्पा : कपाटात कोऱ्या पट्ट्या हायेत न्हवं?

सरोजिनी : दोन. घाई केली तरी एका थराला आठ तास. शुक्रवारच्या आत दहा थर, दिवसरात्र मी एकटी किती वेळा येणार?

शिवप्पा : माझी खोली आवारातच हाय. एकाआड एक थर मी देतो.

सरोजिनी : तुम्ही? आज हे केल्यावर?

शिवप्पा : दसऱ्याला दुसरं कोण हाय हितं? समदे गावाकडं गेले.

सरोजिनी : चिमट्याने कडेलाच धरायचं. आठ तासांनी काढून स्पिरिटने धुवायचं, निळ्या पाण्यात पाच मिनिटं, की पुन्हा रेणूंच्या या बाटलीत.

शिवप्पा : थर बसलेला दिसतो का?

सरोजिनी : नाही. बसला असं धरून पुढचा द्यायचा.

शिवप्पा : हाव. ते जमंल.

सरोजिनी : आणि कपाळावरचं भस्म पुसून या. वाकलात की झडतं.

शिवप्पा : ते न्हाई जमायचं, मॅडम. दुसरं काय बी सांगा.

सरोजिनी : मामा...

शिवप्पा : न्हाई.

सरोजिनी : मग ही टोपी घ्या. पार भुवयांपर्यंत ओढा.