चुलीवरचं हेड

नूतन : म्हणजे थंडच ठोकू म्हणता, मामा?

पोपट : मग काय, आरती ओवाळून? पंच लाव, हातोडा घाल, व्हॉल्व्हचे जुने गाईड खाली पाड. मिनिडोर रिक्षा चालवायला निघालीस नि इंजिनाच्या हेडाला घाबरतेस?

नूतन : हे आधी हेड चुलीवर तापवायचे.

पोपट : हे! कुठं हायत ते हे? तुझा पायगुण, वर्षभरात गेला माझा गणेश.

सरू : अवो, कावीळ झालेली त्याला. सुनेनं पाजली काय ती?

पोपट : तू गप गो. नूतन, शेवटचं सांगतो. तेल गळणारे दोन गाईड बदल. गाडी निळा धूर न सोडता चालली, तर तुझी. रोहा-नागोठणं फिरव खुशाल. धूर दिसला, तर चावी धाकट्या रवीकडं आणि तू पेणला, भावाच्या दारात.

नूतन : माळेवर हात ठेवून सांगा.

पोपट : हा ठेवला. तुळशीची माळ हाय, खोटं बोलत नाय. मार आता.

नूतन : नाही मारणार. आई, चूल पेटवा.

पोपट : लाकडं काय तुझ्या बापानं धाडलीत?

सरू : डोक्यावरनं मी आणलीत. ठेव गो हेड.

नूतन : थंड ठोकलं तर हेड तडकतं. हे यांना कोणी शिकवलं होतं, मामा?

पोपट : मला काय इचारतेस?

नूतन : तुम्हीच शिकवलं होतं.

सरू : म्हंजे तुमाला ठाऊक होतं?

पोपट : व्हतं. मग? हेड तडकलं असतं, ही आपल्या पायानं पेणला गेली असती. मला हाकलावी लागली नसती.

नूतन : पाण्याचा थेंब टाका आई. नाचला? सांडशीनं घट्ट धरा.

सरू : रामकृष्णहरी म्हण नि मार.

नूतन : रामकृष्णहरी! सुटला. आता नवा गाईड द्या, शेजारच्या नम्रताच्या फ्रीजरमधला. गारठून आकसलाय, तोवर गरम हेडात सुळकन बसेल.

पोपट : गणेशच्या तोंडात पाणी घालताना असा सरळ नव्हता तुझा हात.

नूतन : नव्हता. आज ठेवलाय. त्यांची गाडी आहे म्हणून.

(दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला. अंगणात मिनिडोर सुरू आहे.)

सरू : बघा सायलेन्सरकडं. माझा पदर धरलाय मागं. हाय काळा ठिपका? हाय निळा धूर?

पोपट : नाय.

नूतन : चावी द्या, मामा.

पोपट : रवी! ये रे भायेर. बस गाडीत, अष्टमी गावापर्यंत एक फेरी मारून ये. ही घे चावी.

नूतन : मामा, माळेवर हात ठेवला होतात.

पोपट : ठेवला व्हता. म्हणून काय? रांडमुंड बाई स्टँडावर ‘नागोठणं, नागोठणं’ ओरडणार नि लोक माझ्या तोंडात शेण घालणार? गाडी माझ्या नावावर हाय. आणि काम चांगलं केलंस हो. मेकॅनिकचे पैसे वाचले.

सरू : परवा कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे होतात. दिल्या शब्दाचं आख्यान लागलं, तर डोळं पुसत होतात.

पोपट : कीर्तन देवळात. घरात भूक लागते. वाढ.

सरू : कसं वाढू? माळेवरची आण मोडली तर माळ उतरवायची, नि गळ्यात माळ नाय तर अन्नाला शिवायचं नाय. शब्द मोडला म्हणून साऱ्या देवळापुढं पांडूची माळ तुमीच उतरवलीत ना? आता तुमची उतरवा. चावी पोरीच्या हातात द्या नि परत घाला.

पोपट : हीच ना माळ? ही घे. तुटली. लय दिवस टोचत व्हती मानेला. झालं समाधान? वाढ आता.

नूतन : आई, मणी अंगणभर झालेत. पाय पडेल कोणाचा. वेचते मी.

सरू : वेचू मागनं. तू आधी चुलीत पाणी ओत.