मग थोरलं कोण?

...नाही, तुम्हीच सांगा, साठी उलटलेल्या बाईने समोरच्याला 'दादा' म्हणायचं की 'ए बाळ्या', एवढं ठरवायला समुद्रावर जावं लागतं का? लागतं! मला लागलं! आणि तेही दुसऱ्या दर्जाच्या बसमधून, एका बाजूला कोंबडीवाली, दुसऱ्या बाजूला माझा नवा भाऊ. तिघांपैकी फक्त कोंबडी गप्प होती!

थांबा, सुरुवातीपासून सांगते. मी फिदेलिया, मेरिदात पडदे शिवते, जन्मभर एकटी. म्हणजे बाप बोटीसकट समुद्रात गेला, पाठोपाठ आई तापाने गेली, आणि गावाने पोरं वाटून टाकली, मांजरीची पिल्लं वाटतात तशी. मी आले मेरिदाला धर्ममातेकडे. तिला विचारावं, मला भावंडं होती का गं? "होती." किती? "जेव आता." कुठे आहेत? "जेव म्हटलं ना!" अशी मी जेवत जेवत म्हातारी झाले.

आणि परवा परवा, मशीनवर बसलेय, रेडिओ चालू, तो हरवलेल्या माणसांचा कार्यक्रम असतो ना सकाळचा, त्यात एक बाई अशी ओरडली, अशी ओरडली... "आमच्या आईचं नाव कांदेलारिया! गाव सान काल्लिस्तो! जाळी विणायची!" अहो, माझं बोटच सुईखाली गेलं. आमची आई! बोटाला चिंधी गुंडाळली आणि रेडिओवाल्यांना फोन लावला.

तर ती ओरडणारी म्हणजे ओब्दुलिया, मोंतेर्रेयची. तिला आधीच एक सापडला होता, नासारियो, राजधानीत चष्म्याचं दुकान. दोघं मेरिदाला आली. मी स्टँडवर गेले, बसमधून एक माणूस उतरला, मी त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. तो भलताच निघाला. पण रडला बिचारा, माझ्याबरोबर!

मग आली खरी. ओब्दुलियाने मला अशी आवळली की बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि म्हणते, "ये गं माझ्या छोटे!"

छोटे? मी?

अहो, मला लख्ख आठवतंय! ओली वाळू, कडेवरचं पोर, आणि काळ्या घेवड्याच्या पाण्यात मक्याच्या तोर्तियाचा घास बुडवून भरवणं. म्हणजे भरवणारी मी, म्हणजे थोरली मीच ना? तर ओब्दुलिया कंबरेवर हात ठेवून, "काय सांगतेस! ते पोर मी भरवायचे!" आणि नासारियो चष्मा पुसत, शांतपणे, वकिलासारखा, "बायांनो, माफ करा, पण भरवायचो मी." घ्या! भरवणारे तीन, आणि खाणारं कुणीच नाही! अहो, पण मग थोरलं कोण?

जन्मतारखा म्हणाल तर ज्याने पाळलं त्याने सोयीची तारीख धरली. मला शाळेत घालताना वय वाढवलं, ओब्दुलियाचं लग्न ठरवताना कमी केलं, नासारियोची तारीख तर कुणी धरलीच नाही, तो नाताळानंतरच्या तिन्ही राजांच्या सणाला वाढदिवस करतो, त्या दिवशी घरोघरी केक आयताच मिळतो म्हणून. हसताय तुम्ही. हसा. पण जन्मभर ज्या बाईला कुणी 'ताई' म्हटलं नाही, तिला एकदम दोन भावंडं मिळाली आणि दोघंही तिलाच छोटी म्हणायला लागली, तर काय वाटेल तिला?

म्हणून म्हटलं, चला सान काल्लिस्तोला. एका दिवसात जाऊन येऊ, गावात कुणीतरी सांगेलच.

बसमधून उतरलो तर काय, वाळू, बोटी, जाळी, पेलिकन, आणि त्या उन्हात ओब्दुलिया. "शी! माशांचा वास! इथे गोमांस कुठे भाजतात, आमच्या मोंतेर्रेयसारखं?" अगं, मासेमारांचं गाव आहे, वास गुलाबांचा येणार का? नासारियो म्हणतो, "आपलं घर पूर्वेला होतं." ओब्दुलिया म्हणते, दीपगृहाजवळ. मला आठवतंय दारात नारळ. त्या गावात दारात नारळ नाही असं एक घर दाखवा मला!

मग काय, फिरलो तिन्ही घरं. पहिल्या घरच्या बाईने बसवलं, गार पेय दिलं, आम्ही तिच्या भिंतीला हात लावून रडलो. ती म्हणाली, हे घर मागच्या वर्षी बांधलंय. दुसऱ्या घरी तळलेला मासा मिळाला, नासारियोने फुशारकीने त्यावर अख्खी हाबानेरो मिरची चावली, आणि मग वकीलसाहेबांची वाचाच गेली. तेवढाच निवांतपणा! तिसऱ्या घरचा म्हातारा कंटाळून म्हणाला, "अहो, कांदेलारियाचं काय असेल ते लादिस्लाओला विचारा. धक्क्यावर असतो."

धक्क्यावर एक माणूस माशांची खवलं काढत बसलेला. काळा, सुकलेला, टोपी नाकापर्यंत. मी विचारलं, "अहो लादिस्लाओ, जाळी विणणारी कांदेलारिया आठवते का तुम्हाला?" त्याचा सुरा थांबला. टोपी वर सरकवून तो एकेकाचं तोंड बघायला लागला. आणि आमचं आपलं सुरू! "तुम्हीच सांगा, कडेवर पोर घेऊन कोण फिरायचं? मी ना?" "मी!" "ही खोटं बोलतेय!" "तू गप रे, तोंड भाजलंय ना तुझं!" अहो, पण मग थोरलं कोण?

"गप बसा तिघंही!"

बसलो. का बसलो ठाऊक नाही, पण तिघंही त्याच क्षणी मटकन खाली बसलो, धक्क्यावरच.

त्याने सुऱ्याच्या टोकाने दाखवलं. "ही ओब्दुलिया. हिला शेजारणीकडून आमटी मागून आणायला पाठवायचो. हा नासारियो, हा आणतानाच निम्मी पिऊन टाकायचा." मग माझ्याकडे वळला. "आणि तू कुणाला कडेवर घेणार होतीस गं? तुला धड चालताही येत नव्हतं. तू माझ्या कडेवर होतीस."

तो टोपी काढून म्हणाला, "मी थोरला. मी मोठा होतो, बोटीवर कामाचा होतो, म्हणून मला गावाने ठेवून घेतलं."

चौथा! चौथा होता हो आमचा! आणि माझं डोकं असं गरगरलं... म्हणजे ती वाळू मी बघितली ती वरून, त्याच्या कडेवरून? तो घास माझ्या हातात नव्हता, माझ्या तोंडात होता?

मी भांडले त्याच्याशी. हो, भांडले! म्हटलं, मग आला का नाहीस कधी? मेरिदा काय चंद्रावर आहे? तो पुन्हा मासा हातात घेऊन म्हणाला, "आलो होतो. एकदा, तुला न्यायला. सुकवलेला मासा घेऊन. तुझी धर्ममाता दारात म्हणाली, पोरगी सुखात आहे, तिला रडवू नकोस. मासा ठेवून घेतला, दार लावलं."

आणि तुम्हाला सांगते, तो मासा मला आठवतो. खरंच आठवतो. घरात कधी नव्हे तो सुका मासा आला होता आणि मी दोनदा मागून घेतला होता. कुणी आणला म्हणून विचारलं तर धर्ममाता म्हणाली, "जेव आता." आणि मी जेवले हो...

मग धक्क्यावर चौघं कितीतरी वेळ रडलो. पेलिकनांनी संधी साधून टोपलीतले मासे पळवले, तेव्हा कुठे भानावर आलो. लादिस्लाओने डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडायला सुरुवात! "ओब्दुलिया, चूल पेटव. नासारियो, पाणी आण, आणि वाटेत पिऊ नकोस. छोटे, तू माशांची खवलं काढ." मी म्हटलं, माझे हात शिवणाचे आहेत, नाजूक आहेत. "मग नाजूकपणे काढ!" आणि ओब्दुलिया चुलीशी बसून वर म्हणते कशी, "ऐकावं गं, छोटे, मोठ्यांचं!"

संध्याकाळची शेवटची बस चुकली, चुकणारच होती. आता दर रविवारी जाते सान काल्लिस्तोला. गेल्यागेल्या टोपली पुढ्यात. लादिस्लाओ म्हणतो खवलं राहिली, ओब्दुलिया फोनवरून म्हणते मीठ कमी घाल, नासारियो राजधानीत बसून म्हणतो सुरा असा नाही, तसा धर. तक्रार करीन म्हणते हो... पण करू कुणाकडे? सगळेच थोरले!