यानातली मुलगी आणि तिची आई

पिक्चर सुटला. पार्किंगमधून बाहेर पडायच्या रांगेत माझ्यापुढे स्कूटरवर एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी.

"तूच म्हणालीस, हा पिक्चर बघ, मग हॉस्टेलला हो म्हणशील. उलट जास्तच घाबरले मी."

"अगं आई, त्या सोळा वर्षांच्या पोरीनं एकटीनं यान चालवून पृथ्वी वाचवली! मी तर फक्त दुसऱ्या गावात राहणार."

"तिची आई कुठे होती? पहिल्याच सीनला उडवली."

"असल्या सगळ्या पिक्चरमध्ये आईबाप मरतातच."

"का पण? बिचाऱ्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

"जिवंत ठेवले तर पोरांना यानात बसू देतील का? स्वेटर घे, पोचल्यावर फोन कर, यातच पृथ्वी खलास."

"म्हणजे मी मरायची वाट बघतेयस?"

"काहीही काय! मरू नकोस. नुसतं हो म्हण."

"बरं, समजा म्हटलं. मग पोरगी यानातून गेल्यावर आई घरी काय करते?"

मुलगी हेल्मेटचा पट्टा लावायला लागली.

"बोल ना. एवढे पिक्चर पाठ आहेत तुला."

"खरंच माहीत नाही गं. कुणी दाखवलंच नाही."

रांग पुढे सरकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. स्कूटर मात्र दोघींपैकी कुणी सुरूच केली नाही.