तीन नंबरची टाकी

(दुपार. काकूंच्या शिवणाच्या खोलीत पुतणी स्टुलावर उभी आहे. अंगात पांढरा कोट. काकू खांद्यापाशी टाचण्या लावत आहेत.)

काकू : हलू नकोस गं. टोचली तर म्हणशील, तिकडे परदेशात अशा काकू नसतात.

पुतणी : तिकडे कुठल्याच काकू नव्हत्या. खांदा अजून दोन सेंटिमीटर आत घ्यावा लागेल.

काकू : बोटभर म्हण, मला कळेल. येऊन महिना होत आला, तुझं सेंटिमीटर काही सुटत नाही. खोली आवडली ना?

पुतणी : आवडली. सगळंच आवडलं. काल भाजीवाल्याने आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. तिकडे मला ते दर वेळी अक्षर अक्षर सुटं करून सांगावं लागायचं.

काकू : मग राहा की. एकच वर्ष राहीन, हे काय घेऊन बसलीस? तुझ्या काकांच्या कारखान्यात नोकरी आहे तोवर इथे राहायचा परवाना आहे. तुला कोण हलवतंय?

पुतणी : काकू, या खिशावर बारीक भोकं आहेत. ओळीने.

काकू : जुनं नाव उसवलं. धुतलं की बुजतील.

पुतणी : कोणाचं नाव?

काकू : माझ्या भावाचं. हात वर कर.

पुतणी : तुमचे भाऊ कारखान्यात होते? काका म्हणाले, आधीचा केमिस्ट नोकरी सोडून गेला.

काकू : सोडली म्हण हवं तर. तुरुंगातून रोज कामावर कसा येणार?

पुतणी : कशासाठी तुरुंगात?

काकू : दोन नंबरची टाकी फुटली. तीन माणसं गेली. कायद्याने, सायन्स शिकलेला एक माणूस जबाबदार म्हणून नेमावा लागतो ना, त्याच्या नावाची पाटी दारावर असते. पोलीस आले, पाटी वाचली. तुझ्या काकांकडे त्यांनी फक्त प्यायला पाणी मागितलं.

पुतणी : आता त्या दारावर माझं नाव आहे. सकाळी पाहिलं. जबाबदारीच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही.

काकू : करशील. उद्या सरकारी तपासणी आहे, त्याआधी करावीच लागेल.

पुतणी : तेच बोलायचं होतं तुमच्याशी. काल मी तीन नंबरच्या टाकीवर चढले. वर एक झडप असते. आत दाब वाढला की ती आपोआप उघडते आणि वाफ सोडते. तुमच्या कुकरच्या शिट्टीचं काम. ती कोणीतरी तारेने आवळून बांधलीय.

काकू : फुसफुसते म्हणे सारखी. माल उडून जातो.

पुतणी : उडू दे ना. सध्या टाकी रिकामी आहे म्हणून ठीक. या उन्हात ती भरली तर दाब जाणार कुठे? शिट्टी बांधून तुम्ही गॅस चालू ठेवाल?

काकू : मी नाही ठेवणार. पण तो कुकर माझा नाही.

पुतणी : काकांना सांगितलं. ते म्हणाले, बघू.

काकू : मग झालं. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ते ‘बघू’. त्याला अजून डोळे फुटायचेत.

पुतणी : मी स्वतः कापेन ती तार.

काकू : काप. दोन नंबरची भावानेही कापली होती. सकाळी बघावं तर नवी, आधीपेक्षा जाड.

पुतणी : हे सगळं मला आधी का नाही सांगितलंत?

काकू : सांगितलं असतं तर आली असतीस? माझ्या धाकट्याचा सायन्सचा निकाल लागला, तेव्हा हे म्हणाले, बरं झालं, घरातलाच माणूस मिळाला. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. त्याच दिवशी तुझ्या वडिलांना फोन लावायला लावला. पोरीला इकडे पाठवा, आपली माणसं बघू दे तिला.

पुतणी : म्हणजे त्याच्याऐवजी मी.

काकू : हो. तुझ्या तोंडावर सांगतेय, एवढं तरी पदरात घाल माझ्या.

पुतणी : बाबांना माहीत होतं?

काकू : कारखान्यात बसवणार, एवढं माहीत होतं. कुठल्या खुर्चीत, ते भाऊजींनी विचारलं नाही. त्या दारावर पहिली पाटी त्यांचीच लागायची होती गं. रंगाऱ्याने करून आणली, आणि भाऊजी परदेशी निघाले. मग माझा भाऊ बसला. स्टेशनवर सोडायला मीच गेले होते. तुलाही सोडीन, अडवणार नाही. मग हाच कोट धाकट्यासाठी उसवायचा. त्याला ढिला लागेल.

पुतणी : त्याला सांगत का नाही, बसू नकोस म्हणून?

काकू : सांगून बघितलं. बापाने जन्मात पहिल्यांदा पाठीवर थाप मारलीय त्याच्या. आता माझं काय ऐकतोय?

पुतणी : आणि उद्या मीच तपासणीवाल्यांना वर नेऊन ती तार दाखवली तर?

काकू : तर कारखान्याला कुलूप. तुझ्या परवान्यालाही.

पुतणी : आणि धाकटा?

काकू : धाकटा घरी. माझ्या डोळ्यांसमोर.

पुतणी : मग दाखवते. आडनाव काय, सांगेन तिकडे पुन्हा अक्षर अक्षर. तुम्ही काकांना सांगाल?

काकू : शिवायला बसले की मला काही ऐकू येत नाही. वळ तिकडे, पाठ बघू दे.

धाकटा : (दारातून आत येत) आई, भूक लागलीय. ताई, तू काय कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी उभी?

काकू : तू या वेळी घरी कसा?

धाकटा : बाबांनी लवकर सोडलं. साहेब झालो ना. ताई, रागावू नकोस हं, तुझी पाटी उतरवली. तपासणी आजच झाली.

पुतणी : आज? उद्या होती.

धाकटा : बाबांनीच फोन करून बोलावलं त्यांना. म्हणाले, तुझी ताई फार प्रश्न विचारते, तिला नको हा ताप. तू बस. ती खुर्ची गोल फिरते, माहितेय?

पुतणी : सही केलीस?

धाकटा : केली की. त्याशिवाय कोण बसू देतंय.

पुतणी : तपासणीवाले टाकीवर चढले होते?

धाकटा : एवढ्या उन्हात? खालूनच मान वर करून बघितलं, चहा घेतला, गेले.

काकू : वरची तार काढलीय का रे?

धाकटा : कसली तार?

पुतणी : तीन नंबर रिकामीच आहे ना अजून?

धाकटा : सकाळी होती. आता भरतेय, मोठी ऑर्डर आलीय. बाबांनी बटण मला दाबायला दिलं.