अक्षराभोवतीची जमीन

तारा: हात काढा बाबा माउसवरून. बाण हलत नाई म्हंजे त्यात पुन्हा रुई शिरली.

भिवाजी: म्या काई नाई केलं. थो आपोआप थांबला.

तारा: तुमी नाई, कापसानं केलं. हे पाहा, पोटातल्या गोळीले कशी गुंडाळून बसली. ज्या खोलीत कापसाचा ढीग त्याच खोलीत कॉम्प्युटर, मंग दुसरं काय होईन?

विठाबाई: अन् कापूस कुठी ठेवू व, तुह्या डोक्शावर? घर कापसाचं आहे. तुहा थो डब्बा पाव्हणा. पाव्हण्यानं सावरून बसाव.

(वांकिडी, मराठी-तेलगू सीमेवरचं गाव, १९९९ चा हिवाळा, कलती दुपार. कापूस वेचून घरात आला की माणसांनी कुठं बसायचं, हा या घराचा दरवर्षीचा प्रश्न. यंदा त्यात आसिफाबादच्या क्लासनं मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरची भर पडली आहे. तारा त्या क्लासमध्ये शिकवते. तिचा बाप भिवाजी, दुकानांचे बोर्ड रंगवणारा पेंटर; त्याच्या उजव्या हाताला लकवा मारला, तोंडही एका अंगाला ओढलं गेलं, त्याला वर्ष उलटलं. आज सुटी असूनही तारा सकाळपासून कॉम्प्युटरपुढे बसली आहे, कारण तिनं त्यात उतरवलेलं त्याचं अक्षर बापानं आज शेवटचं बघायचं कबूल केलंय.)

भिवाजी: एक डाव पाहीन. वाकडं आलं त सारं पुसून टाकायचं. बोलली होती तू.

तारा: बोलली होती.

भिवाजी: अन् ब्रशचा डब्बा महिपतले देऊन टाकायचा. रेडियमची अक्षरं कापते थो. ब्रश कायले लागन त्याले, पण डब्बा कामी येईन.

तारा: आधी पाहून त घ्या. हे निळं पान दिसते ना, हे एडिटर. यात मी लिवते. जिथं तुमचं अक्षर, तिथं चांदणीची खूण. जिथं अक्षर नाई, तिथं कोरं. राहीबाईच्या खानावळीचा बोर्ड समोर ठेवला, त्यावर बारीक चौकोनी घरं आखली अन् एक एक घर पाहून उतरवलं.

भिवाजी: गुडीहत्नूरचा बोर्ड? खानावळ त केवाच बसली.

तारा: बसली, पण बोर्ड राहीबाईनं मोडला नाई. कोंबड्यांच्या खुराड्याले दार केलं होतं. मी नवं दार करून देल्लं अन् बोर्ड बसच्या टपावर टाकून आणला.

भिवाजी: पिवळी जमीन, वर लाल अक्षर. लांबून दिसे. ट्रकवाले म्हणत, पेंटर, तुह्या बोर्डानंच भूक लागते.

विठाबाई: आता कोंबड्यायले लागत असन.

भिवाजी: निळ्यात बऱ्या दिसतात व तारे, ह्या चांदण्या. जशा पोहून राह्यल्या.

तारा: हे सारं फुकटातलं आहे बाबा. एका मासिकासंगं तबकडी आली होती. ज्याईनं हा पास्कल, म्हंजे मी लिवलेलं वाचून काम करणारा प्रोग्राम, बनवला त्याईनं वाटून देल्ला. आतून कसा बनवला तेही उघडं ठेवलं. ज्याले पायजे त्यानं पाहाव, दुरुस्त कराव.

भिवाजी: असा कोन माणूस असन? दुकान उघडं टाकून फिराले गेला.

विठाबाई: फुकट ते पौष्टिक म्हणे. पौष्टिक असतं त रोज आजारी काऊन पडते? परवा त्याच्या खिडक्यायच्या काठाले कायबाय फुटलं होतं. काल सारं काळं.

तारा: काठाले अक्षरं फुटली ती माहीच चूक होती. मराठी अक्षरं त्याच्यात भरली, त काठाच्या रेघा पुसून तिथं क, ख, ग उगवले. काढलं मी ते.

भिवाजी: काऊन काढलं? चांगलं दिसे. बांधावर तूर लावल्यासारखं.

तारा: आज ळ दाखवते तुमाले. खानावळीतला ळ. तुमी म्हणायचे ना, पेंटर पाहाचा असन त त्याचा ळ पाहाव.

भिवाजी: दोन्ही डोळे सारखे पायजे. एक लहान झाला का पाहणाऱ्याले वाटते आपल्याले डोळा मारून राह्यला.

तारा: पाहा मंग. हे बटन दाबलं का पास्कल सारं वाचते अन् पडद्यावर काढते. दाबू?

भिवाजी: दाब.

तारा: थांबा हं, हळू आहे जरा... आला.

भिवाजी: सरक जराशी, पाहू दे.

तारा: बाबा?

भिवाजी: पडला.

तारा: नाई, थांबा, मी पुन्हा...

भिवाजी: डावीकडे ओघळला. एक डोळा खाली. माह्या तोंडासारखा. त्याले भी लकवा मारला, तारे.

तारा: असं नका ना म्हणू.

भिवाजी: तुही काई चूक नाई. जे हातात राह्यलं नाई, थे डब्ब्यात कुठून येईन? पुस.

तारा: बाबा, इकडे पाहा. हे एडिटरचं पान. यात सरळ आहे का नाई? दोन्ही डोळे सारखे आहेत का नाई? इथं उभा असते अन् तिकडे गेला का पडते. मंग हा दोष तुमच्या हाताचा कसा? एडिटरचाच असन!

विठाबाई: नाचता येईना, अंगण वाकडं.

तारा: माय, तू गप बस ना जराशी! आठ दिवसापासून मी... मले फक्त एवढंच पायजे होतं का बाबानं एक अक्षर पाहाव अन् म्हणाव, हे माहं. एवढंच. बाकी मले काई नोको.

विठाबाई: रडू नोको. रडून त थो ळ उठत नाई. अवो, तुमी तरी बसा जराशे, पोरीले वेळ द्या. बाजारात भाजी घेताना भी माणूस दोन डाव उलटून पाहते.

भिवाजी: बसलोच आहो. उठून कुठी जाऊ?

तारा: पाच मिनिटं, बाबा.

भिवाजी: घे. मले काल दुपारी इथंच डोळा लागला होता, कापसाले टेकून. सपन पडलं. माहे सारे बोर्ड रिकामे झाले.

विठाबाई: सारे?

भिवाजी: सारे. गुडीहत्नूरचे, आसिफाबादचे. थो बेज्जूरच्या नाक्यावरचा, जंगलातला. अक्षरं खाली उतरली अन् सडकेनं चालत येऊन राह्यली. तेलगू अक्षरं गोल, थे गरंगळत येऊन राह्यले. मराठी आपले डोक्शावर रेघ धरून. उर्दू उलट्या अंगानं येत होते, पण येत होते. सारे वांकिडीकडे. धूळ नाई, आवाज नाई. अशी पहाटेसारखी सडक.

तारा: मंग?

भिवाजी: मंग घरापाशी आले. म्या म्हटलं, राहा उभे. त राहाले तयार नाई. एक उभा केला का दुसरा पडे. जसे आता ह्यो पडला.

विठाबाई: अन् मी कुठी होती?

भिवाजी: आठवत नाई.

विठाबाई: हाव, सपनात भी मी सैपाकच करत असन.

भिवाजी: तारे, थे टिकली उडी काऊन मारते?

तारा: कोणती टिकली?

भिवाजी: थे लुकलुकते ना, थे. चांदण्यायवरून एक एक पाऊल जाते, अन् कोऱ्यात गेली का टुणकन पल्याड. पुन्हा कर... हं, पाह्य. मारली उडी.

तारा: उडी... थांबा. इथं भी मारते. अन् ह्या ओळीत नाई मारत. इथं एक एक घर चालते. बाबा! अगाई, माय!

विठाबाई: काय झालं? इंचू चावला का?

तारा: माहंच कर्म. कोरी घरं सोडाले मी दर घराले बटन दाबाव, त्याच्याऐवजी कुठी कुठी एकच मोठं बटन दाबलं, टॅब. टाइपिंगची सवय. एडिटर दाखवते का आठ घरं सोडली. पण खरं पाह्यलं त त्यात एकच खूण आहे. पास्कल मोजाले बसला का त्याले आठाच्या जागी एकच घर सापडते, अन् ती ओळ सरकून जाते डावीकडे. ज्या ओळी मी धीरानं लिवल्या त्या जागेवर, ज्या घाईनं लिवल्या त्या पडल्या.

विठाबाई: म्हंजे अंगण सरळच होतं.

तारा: हाव व माय, सरळ होतं. झालं तुह्या मनासारखं?

भिवाजी: म्हंजे अक्षर बरोबर होतं.

तारा: अक्षराची एक चांदणी हरवली नव्हती बाबा. जे कोरं होतं ना, तेच हरवलं होतं.

भिवाजी: कोरं नसते थे.

तारा: काय नसते?

भिवाजी: आपण कोरं म्हणतो, पण बोर्डावर कोरं काईच नसते. मी अक्षराचा काठ ओढून देत होतो. आतलं लाल माहं. अन् भोवतालची सारी पिवळी जमीन... थे तुही माय भरे. काठाले लागून, बारीक ब्रशनं. अक्षर उभं राहते थे तिच्या जमिनीवर. सपनात थे जमीनच मागं राह्यली होती. म्हणून पडत होते सारे.

विठाबाई: आता आठवलं का?

भिवाजी: आता आठवलं. तू मागून येऊन राह्यली होती. लय मागून. डोक्शावर टोपलं होतं, काय होतं त्याच्यात थे दिसलं नाई मले.

विठाबाई: पिवळा रंगच असन. दुसरं काय देल्लं तुमी मले वाहाले?

तारा: बाबा, मी एक करते. कोरं ठेवतच नाई. कोरं डोळ्याले दिसत नाई, हरवलं तरी समजत नाई. दर कोऱ्या घरात एक ठिपका देते. अन् पास्कलले सांगते का चांदणीले लाल रंग दे, ठिपक्याले पिवळा. ळ पुरतं आत्ता करून दाखवते. तुमी उठू नका.

भिवाजी: उठत नाई.

विठाबाई: च्या ठेवू?

भिवाजी: नोको. पाहू दे.

तारा: ...इथं चार, इथं तीन. ह्या डोळ्याच्या आत भी. अन् ह्या शेवटच्या ओळीले... झालं. माय, तू भी ये इकडे.

विठाबाई: हात पिठाचे आहेत.

तारा: पिठाचेच घेऊन ये. दाबते आता.

विठाबाई: ...अवो. थे माही पिवळी आहे.

तारा: बाबा? पाह्यलं? दोन्ही डोळे सारखे आहेत ना?

भिवाजी: उजव्या डोळ्याचं पोट एका घरानं जास्ती झालं.

विठाबाई: सुंभ जळला, पण पीळ जात नाई!

भिवाजी: बोर्डावर तसं नव्हतं. तू उतरवताना चुकली, तारे. माहा ळ असा नाई. माहा ळ मले माहीत नाई का?

तारा: करते कमी. एक घर कमी करते बाबा. अजून सांगा, काय चुकलं सारं सांगा.

भिवाजी: ब्रशचा डब्बा ऱ्हाऊ दे घरीच. महिपतले दुसरा घेऊन देऊ.

तारा: हाव.

भिवाजी: बाकीची अक्षरं कशी आहेत? रा, ही, खा... त्याईत भी थेच मोठं बटन आहे?

तारा: साऱ्यात आहे. सारी जमीन भराव लागन.

विठाबाई: मंग त्या मशीनले सांग ना, भर म्हणून. एवढी हुशार आहे त.

तारा: सांगता येते माय. एकदम भरून देईन ते, पण...

भिवाजी: नोको सांगू.

तारा: बाबा?

भिवाजी: ठिपक्याचं बटन कोणतं? हे? एकच दाबायचं ना? मंग काय लागते. काठ ओढाचा नाई, गोलाई द्याची नाई. हात थरथरला तरी चालन.

तारा: थरथरला का दोन-चार ठिपके जास्ती पडतात बाबा. अन् ठिपका जास्ती पडला का पुढची चांदणी सरकते. अक्षर ढकललं जाते. मंग हे बटन दाबून मागं घ्याव लागते.

भिवाजी: घेईन मागं. वेळ आहे माह्यापाशी. सरक तिकडे. विठे, तू कुठी चालली? बस इथं. इतके वर्स तू भरली जमीन. आता मी भरतो, तू पाह्य.

विठाबाई: बसते. पण जमीन भरताना तुमी मले काय म्हणत होते, थे आठवते का?

भिवाजी: काय म्हणत होतो?

विठाबाई: थेच आता मी म्हणते, हळू भरा जी. माह्या अक्षराले धक्का लागाले नाई पायजे.